हरलेल्यांच्या बाजूचे परकार सर

परकार सरांनी मला मत दिलं नव्हतं. हे मला त्यांनीच सांगितलं, आमच्या बहारीनमधल्या, ईसा टाउनच्या घराच्या दारात, चपला काढता काढता. "बाय, मत मी मोरेंना दिलं. पण ती गोष्ट दुपारची. आता तुम्ही हरलात, तेव्हा आजपासून मी तुमचा. चहा टाका."

मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक मी त्याच दुपारी हरले होते. घरात आमच्या पॅनलची माणसं तोंडं पाडून बसली होती, आणि त्यांच्यात हा विरोधकांचा मतदार येऊन सोफ्यावर ऐसपैस बसला. मला राग आला होता, हे लपवत नाही. पण बहारीनमधल्या माझ्या इतक्या वर्षांत मला जी चार खरी माणसं भेटली, त्यांत या माणसाचं नाव मी पहिलं घेईन.

आमच्या मंडळात दोन बाजू होत्या. एक ईसा टाउनची, म्हणजे बँकांत-कंपन्यांत नोकऱ्या करणारी, मुलांच्या शाळेच्या बसभोवती फिरणारी कुटुंबं. दुसरी गुदैबियाची, म्हणजे एका फ्लॅटमध्ये चौघं-पाचजण राहणारी, बायकामुलं महाड-माणगावला ठेवून आलेली माणसं. मंडळ वर्षानुवर्षं आमच्याच हातात होतं. त्या वर्षी गुदैबियाचे मोरेभाऊ उभे राहिले आणि निवडून आले. ते बाब अल बहरीनजवळच्या बाजारात कापडाच्या दुकानात होते, बोलायला फटकळ आणि मनाने मोकळे.

परकार सर खेडचे. ईसा टाउनच्या शाळेत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायचे आणि राहायचे गुदैबियात, एका किराणा दुकानाच्या वर. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांना पलीकडचे समजत, आणि सरांना त्याची गंमत वाटे. माझी मुलगी सई त्यांची विद्यार्थिनी. ते वर्गाचे दोन पक्ष करायचे, भांडण ऐन रंगात आलं की टाळी वाजवून म्हणायचे, "यल्ला, चला, बाजू बदला." मग आत्तापर्यंत ज्याची टर उडवली त्याचीच वकिली करायची. सई घरी येऊन इंग्रजीतून वैतागायची, आणि जेवताना मात्र त्याच विषयावर आमच्याशी वाद घालायची.

तर त्या संध्याकाळी आमच्याकडे वेगळं मंडळ काढायचं ठरत होतं. आमच्या पॅनलमधल्या कुलकर्णींनी नावसुद्धा पक्कं केलं होतं. मला ते मान्यही होतं आणि नव्हतंही. शुक्रवारी मंडळाचा मराठीचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या आमच्याकडच्या बायका, आणि जागा मोरेभाऊंच्या ओळखीने मिळालेली. मंडळ फुटलं की तो वर्ग बंद पडणार, हे उघड होतं. सई घरी मराठी ऐकायची, पण बोलायची ती तिथेच.

"काढा की वेगळं," सर चहा फुंकत म्हणाले. "पण त्या मंडळात हरेल तो कुठे जाईल? तो तिसरं काढील. बहारीन केवढं, मराठी माणसं केवढी."

"सर, अपमान झालाय आमचा," कुलकर्णी म्हणाले. "काय काय बोलले आम्हाला ते प्रचारात. बसवाले, एसीवाले."

सर खूश झाले. "अहो, शिव्यांशिवाय पक्ष जन्मतोय कुठे? विलायतेत व्हिग आणि टोरी ही दोन्ही नावं आधी शिव्याच होत्या. एक म्हणजे स्कॉटलंडचे गुरं हाकणारे, दुसरे म्हणजे आयर्लंडचे दरोडेखोर. एकमेकांना घातलेल्या शिव्यांच्याच त्यांनी पाट्या करून दारावर लावल्या." मग जरा थांबून म्हणाले, "त्याच्याही आधी हरलेल्याची मानच जायची. पुढे हळूहळू लोकांना उमजलं, की आज हरलेल्याला जगू दिलं तर उद्या आपण हरल्यावर तो आपल्याला जगू देईल. दोन पक्षांचा सगळा इतिहास एवढाच आहे, बाय. बाकीचं मी परीक्षेपुरतं शिकवतो."

कुलकर्णींनी विचारलं, की मग तिसरा पक्ष काढू नये असा काही नियम आहे का. "नियम नाय. पण खुर्ची एकच असली की तिसऱ्याचं काही खरं नाय. त्याच्याजवळ चांगली गोष्ट असली तर दोघांतला एक ती उचलतो, आणि हा बसतो हात चोळत. अमेरिकेत घटना लिहिणाऱ्यांना पक्ष नकोच होते. घटनेत तो शब्दसुद्धा घातला नाय. आणि पहिल्याच मंत्रिमंडळात दोन तट पडले. माणसं एकत्र आली की दोन बाजू होणारच. त्या एका छपराखाली ठेवायच्या, एवढंच आपल्या हातात."

जाताना दारात ते मला एकटीला म्हणाले, "मोरेंना मत का दिलं माहीत आहे? भाकरी एका बाजूने फार वेळ भाजली की करपते. पण आता मोरेंना तुमची गरज आहे. पहिल्या मीटिंगला या. काही चुकतंय असं वाटलं तर नको म्हणा. काही चुकलं नाही तर गप्प बसा. एवढं एकदा करा, मग खुशाल वेगळं मंडळ काढा."

मी गेले, कुलकर्णींचा रोष पत्करून गेले. मोरेभाऊंनी गणपतीतल्या बालनाट्याची तारीख जाहीर केली आणि समितीतल्या सगळ्या माना हलल्या. तो नेमका सहामाही परीक्षेचा आठवडा होता. समितीत एकाचंही मूल बहारीनच्या शाळेत नव्हतं. त्यांची मुलं होती तिकडे गावाला, त्यांच्या परीक्षा त्यांना फोनवर कळायच्या. त्या माणसांना कसं ठाऊक असणार? मी म्हटलं, "नको. या तारखेला एक मूल येणार नाही."

मोरेभाऊंचा चेहरा लाल झाला. "वहिनी, पहिल्याच दिवशी खोडा घालायला आलात का?"

मी कारण सांगितलं. सरही आले होते; मी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत बसलेले. मदतीला येण्याचं चिन्ह नव्हतं. शेवटी मोरेभाऊंनीच मान खाजवली. "मग कधी घ्यायचं, ते तरी सांगा." नाटक पुढच्या आठवड्यात झालं, मुलांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त रडले ते मोरेभाऊ. वेगळ्या मंडळाचं नाव कुलकर्णींनी पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर मोरेभाऊ प्रत्येक ठरावाआधी विचारू लागले, "आडवी मान कोणाची?" बहुतेकदा माझी असायची. कधी मी बरोबर असे, कधी साफ चूक. सरांना त्याचं काही नसायचं. "विलायतेत विरोधी नेत्याला सरकार पगार देतं," ते म्हणायचे. "तुम्हाला मोरे निदान समोसा तरी देतात." पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी मोरेभाऊंच्या दुकानात जाऊन बसले. विचारलं तर म्हणाले, "जिंकलेल्याकडे गर्दी असते, बाय. मला बसायला जागा हवी."

मग सर निवृत्त झाले, व्हिसा संपत आला. निरोपाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. तेव्हा अध्यक्ष पुन्हा मोरेभाऊ. कोणीतरी उठून सुचवलं, की सरांच्या सन्मानासाठी यंदाची निवडणूक बिनविरोध करू, मोरेभाऊच राहू देत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

सर उठले. त्यांना चिडलेलं मी त्या एकदाच पाहिलं. "माझ्या नावाने हे करू नका," ते म्हणाले. "तीस वर्षं पोरांना जे शिकवलं, ते तुम्ही एका टाळीत खलास करताय. मला शाल नको. समोर कोणीतरी उभं राहा."

मला काय वाटलं कोण जाणे, मी उभी राहिले. म्हटलं, "मी अर्ज भरते. अनुमोदक कोण?"

माझ्या बाजूचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात व्यासपीठावरून मोरेभाऊ खाली आले, खिशातलं पेन काढत. "अनुमोदक मी," ते म्हणाले. "वहिनी नसतील तर मला 'नको' कोण म्हणणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

ते खेडला पोहोचले त्या आठवड्यात मतदान झालं आणि मी हरले. फोन करून सांगितलं, "सर, हरले हो."

"बरं," ते म्हणाले. "मीटिंग कधी आहे?"