गिटारच्या डोक्यावरचा काळा डाग

गिटारवाल्यांनो, दुपारपासून कामात लक्ष लागत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मनमाडच्या एक आजी गेल्या आठवड्यात त्यांच्या वडिलांची गिटार माझ्या नाशिकच्या दुकानात देऊन गेल्या. वडील रेल्वेत होते. १९३०च्या दशकात, नवी नोकरी लागल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली. इतक्या जुन्या गिटारवर स्टीलच्या तारा ताणल्या तर ब्रिजच उखडतो, म्हणून मी नायलॉनच्या लावल्या. ब्रिज नीट चिकटवला, फिंगरबोर्डला तेल दिलं. वर खुंट्यांच्या मधोमध एक काळपट डाग होता, तोही घासून काढला. लाकूड असं चमकलं की इथे टाकायला फोटो काढला.

आज आजी आल्या. तारा छेडून खूश झाल्या. मग त्यांचा अंगठा खुंट्यांच्या मधे काहीतरी शोधू लागला.

"बाळा, इथलं कुंकू?"

त्यांची आई दर खंडेनवमीला गिटारची पूजा करायची आणि तिथे कुंकवाचं बोट टेकवायची. आई गेल्यावर आजींनी तिथे नवं कुंकू लावलंच नाही. आईचं झाकलं जाईल म्हणून.

ते मीच घासून काढल्याचं त्यांना सांगितलं.

"असू दे, वाजतेय छान," म्हणाल्या आणि गेल्या.

खंडेनवमीला मीसुद्धा माझ्या पकडीला, स्क्रूड्रायव्हरला कुंकू लावतो हो! तरी मला तो मळच वाटला. फोटो डिलीट केलाय.

वाद्य ताब्यात घेताना काय दुरुस्त करायचं ते आपण विचारतो. कशाला हात लावायचा नाही, हे तुमच्यापैकी कोणी विचारतं का?