कडेवरून न्यायचा वरवंटा

वरवंटा जुन्या घरी राहिला, तो विसरला म्हणून, की ठेवला म्हणून? सुहासिनी मोहरील यांना हा प्रश्न त्यांच्या पतीने एकदा विचारला, मुलीने मोठेपणी दोनदा विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही. त्या दिवशीचा घटनाक्रम मात्र बारीकसारीक तपशिलांसह उपलब्ध आहे. तो जितक्या वेळा मांडून पाहावा तितक्या वेळा दोन्ही उत्तरे सारखीच शक्य वाटतात.

सुहासिनी मूळच्या अमरावतीच्या. १९६२ साली लग्न होऊन त्या भोपाळला आल्या. पती प्रभाकर मोठ्या कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात होते, आणि कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीला, त्यांना दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले होते. समोर मेंदीचे कुंपण, मागे हातभर अंगण, आणि सकाळी भोंगा झाला की सगळ्या रांगेतून एकदम बाहेर पडणाऱ्या सायकली. या घराला सुहासिनी पहिली दोन वर्षे 'क्वार्टर' म्हणत. ते 'घर' कधी झाले, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

कांचन आणि उदय ही दोन्ही मुले माहेरी जन्मली, त्यांची बारशीही अमरावतीलाच झाली. तिसऱ्या खेपेला आईची प्रकृती बरी नव्हती म्हणून त्या भोपाळातच राहिल्या. एप्रिल १९६९ मध्ये विश्वासचा जन्म झाला आणि त्याचे बारसे पिपलानीच्या पुढच्या खोलीत झाले. रांगेतल्या चौथ्या क्वार्टरमधल्या कमलताई, नागपूरकडच्या, वयाने आणि आवाजाने मोठ्या, त्यांनी सगळे रीतसर करवून घेतले. खणाचे टोपडे शिवले. पाळण्यात बाळाला घालण्याआधी पाट्यावरचा वरवंटा धुऊन, पुसून, त्याला ते टोपडे घातले, काजळाचे डोळे काढले, आणि त्याला बाळासारखे पाळण्याखालून, पाळण्यावरून या हातातून त्या हातात फिरवले. अशा वरवंट्याला गोप्या म्हणतात. आधी गोप्या निजतो, मग बाळ. सहा वर्षांच्या कांचनला या सगळ्यात बाळापेक्षा गोप्याच अधिक आवडला.

विश्वास श्रावणात गेला. चार महिन्यांचा होता. तीन दिवस ताप आला, त्यातच गेला. इतक्या लहान मुलाला पुरतात, आणि बायका तिथे जात नाहीत. प्रभाकर आणि रांगेतले दोघे गेले, तासाभराने परत आले.

"कुठे?" सुहासिनींनी विचारले.

"नाल्यापलीकडे. झाडी आहे तिथे."

"कोणत्या झाडापाशी?"

"अगं, झाडी आहे," प्रभाकर म्हणाले आणि हातपाय धुवायला मागे गेले.

फोटो नव्हता. फोटो उष्टावणाला काढायचा असे ठरले होते. सासूबाईंचे पत्र आले की तान्ह्याचे कपडे घरात ठेवू नयेत, म्हणून दुपटी-झबली देऊन टाकली. टोपडे तेवढे राहिले, कारण ते वरवंट्याच्या डोक्यावर होते. बारशानंतर वरवंटा आपल्या कामाला लागला होता आणि टोपडे विश्वासच्या डोक्यावर आले होते. पण कपडे दिले गेले त्या दिवशी कांचनने ते गाठोड्यातून हळूच काढून पुन्हा गोप्याला घातले, काजळाचे डोळेही पुन्हा काढले. सुहासिनींनी पाहिले. त्यांनी ते काढले नाही. वरवंटा स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात उभा राहिला, आणि घरात पाट्यावर वाटणे बंद झाले.

"हल्ली चटणी वाटत नाहीस?" महिन्याभराने प्रभाकरांनी विचारले.

"खलबत्त्यात कुटते."

"वाटलेली वेगळी लागते."

"हो."

प्रभाकर हे मितभाषी गृहस्थ. त्यांनी पुन्हा चटणीचा विषय काढला नाही. बढती होतीच, त्यांनी मोठ्या क्वार्टरसाठी अर्ज केला. घर बदलले की हिचे मन बदलेल, असे त्यांनी कमलताईंना सांगितले. पत्नीला सांगितले नाही.

फेब्रुवारी १९७० मध्ये बरखेड्याला तीन खोल्यांचे क्वार्टर मंजूर झाले.

"तीन खोल्या!" कमलताई म्हणाल्या. "आता काय बाई, एका खोलीत नवरा, एका खोलीत मुलं, आणि तिसरीत आमच्यासारख्या गरिबांना बसवशील. ये हो अधूनमधून. अडीच मैलांत कोणी परदेशी जात नाही."

"येईन."

"सगळेच म्हणतात येईन. मागच्या रांगेतली म्हणाली, ती आता बाजारात दिसली तर भाव विचारल्यासारखी बोलते."

वसाहतीत घर बदलण्याची एक साखळी असते. एकाने क्वार्टर सोडायचे, त्याच दिवशी चावी द्यायची, त्यात दुसऱ्याने शिरायचे, दुसऱ्याच्यात तिसऱ्याने. रविवारी सकाळी ट्रक आला तेव्हा नवे बिऱ्हाड आपल्या सामानासह बैलगाडीत, मेंदीच्या कुंपणाबाहेर वाट बघत होते. अशा वेळी हात आपोआप भराभर चालतात.

स्वयंपाकघर बांधताना कांचन मध्ये मध्ये लुडबुडत होती. पाटा गोणपाटात गुंडाळला गेला. तिने कोनाड्याकडे बोट केले.

"आई, गोप्याला पण पॅक करायचं ना?"

"त्याला नाही बांधायचं."

"मग?"

"त्याला शेवटी नेऊ. कडेवर."

हे वाक्य कांचनला जन्मभर आठवले. भांड्यांत, डब्यांत, पाट्याखाली तो जायचा नव्हता. सगळे सामान गेले की रिकाम्या घरातून त्याला कडेवर घेऊन निघायचे, असे आईने ठरवले होते. म्हणून तो कोनाड्यातच राहिला. खोली ओकीबोकी होत गेली तसतसा एकटाच.

"आई, ट्रक भर गया!" कांचन ओरडत आली. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सुहासिनींच्या उजव्या हातात देवांचा डबा होता. घरात शेवटची नजर टाकायला त्या वळल्या, तेव्हा पुढच्या खोलीत, उघड्या फरशीवर, उदय झोपलेला दिसला. सकाळपासूनच्या धावपळीने तो मुलगा जिथे बसला तिथेच आडवा झाला होता. वय पावणेतीन, अंगाने भरलेला. त्यांनी त्याला उचलून डाव्या कडेवर घेतले. त्याचे डोके खांद्यावर पडले. कड भरली.

त्या तशाच बाहेर आल्या, आणि ट्रकमध्ये बसल्या. प्रभाकरांनी कुलूप लावले आणि चावी नेऊन दिली.

बरखेड्याच्या घरात पहिल्यांदा दूध उतू जाऊ दिले. साय फुगून पातेल्याबाहेर आली, स्टोव्ह चर्र झाला, उदय टाळ्या पिटू लागला. कांचन मात्र एकेका खोलीत जाऊन येत होती.

"आई, गोप्या कुठंय?"

सुहासिनी स्टोव्ह पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या.

"मी आत्ता जाऊन येते," थोड्या वेळाने त्या पतीला म्हणाल्या.

"आता? त्यांचं सामान लागतंय. चार दिवस लागू दे त्यांना. दगड आहे, कुठे पळून जातो?"

आपल्याला 'दगड' म्हणायचे नव्हते, असे प्रभाकर पुढे कधीतरी म्हणाले. पण ते म्हणून झाले होते.

चौथ्या दिवशी, प्रभाकर कामावर गेल्यावर, सुहासिनी दोन्ही मुलांना घेऊन पिपलानीला चालत गेल्या. जुन्या दाराची कडी वाजवताना त्यांना पहिल्यांदाच ती कडी बाहेरून किती उंचावर आहे हे जाणवले. दार उघडणारी बाई रीवाकडची होती, सुशीला नावाची, दिवस भरत आलेली.

"आइए, आइए. कुछ छूट गया क्या?"

"हाँ। रसोई में... कोनाड्यात... वो आले में एक पत्थर था।"

सुशीलाचा चेहरा उतरला. ती दारातच आडवी उभी राहिली.

"वो आपका था?"

"हमारा है।"

"किसके लिए किया था?" तिचा आवाज बारीक झाला. "देखिए बहनजी, हमने आपका क्या बिगाड़ा है? काला पत्थर, बच्चे की टोपी, काजल की आँखें! हमारी अम्माजी तो देखते ही बैठ गईं। बोलीं, पेट से है बहू, और घर में घुसते ही ये टोटका। चिमटे से उठवाया उन्होंने।"

सुहासिनींची हिंदी भाजीवाल्यापुरती आणि दूधवाल्यापुरती होती. बारसे, पाळणा, पाळण्याखालून आणि वरून फिरवणे, हे सारे त्या हिंदीत मावेना. "टोटका नहीं," त्या म्हणाल्या, "वो तो बच्चे का... पालने का..." आणि थांबल्या.

कांचन पुढे झाली. तिची हिंदी वसाहतीतल्या शाळेची, अस्खलित होती.

"आंटी, वो हमारा गोप्या है। पहले पालने में गोप्या सोता है, फिर बच्चा।"

"और बच्चा?"

"बच्चा तो चला गया। गोप्या रह गया।"

सुशीलाचा हात आपल्या पोटावर गेला, मग तिने तो मुद्दाम काढून घेतला आणि सुहासिनींच्या दंडावर ठेवला.

"बाहर जो नीम है, मोड़ पर," ती म्हणाली, "वहीं रखवाया है। फेंका नहीं। अम्माजी ने सिंदूर लगाके, हाथ जोड़के रखवाया। ले जाइए, बहनजी। आपका ही है।"

वळणावरचा कडुनिंब त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. भाजीची गाडी तिथे उभी राहत असे. त्याच्या बुंध्याशी, दोन मुळांच्या मध्ये, वरवंटा उभा होता. टोपडे डोक्यावर होते, ओले झालेले. त्याच्यावर शेंदराचे बोट ओढलेले, पुढ्यात झेंडूची तीन फुले आणि विझलेली उदबत्ती. एक म्हातारी तांब्यातून त्याच्यावर पाणी घालत होती. सुशीलाच्या सासूबाई, अम्माजी, नव्हेत. ही दुसरीच कोणी, मागच्या रांगेतली.

"कौन हैं ये?" कांचनने विचारले.

"देवता हैं, बिटिया। परसों निकले हैं।"

"निकले?"

"हाँ, नीम की जड़ में से। बच्चों वाले देवता हैं, देख, टोपी पहनके निकले।" मग ती सुहासिनींकडे वळली. "हाथ जोड़ लो, बहू। तुम्हारे भी छोटे-छोटे हैं। हमारे नाती का ताप चार दिन से उतरता नहीं था। कल मन्नत मानी, रात में पसीना आया, सुबह दूध पिया।"

"कितने साल का है?"

"साल कहाँ। पाँच महीने का।"

सुहासिनींनी उदयला खाली उतरवले. त्या वाकल्या. वरवंट्याला दोन्ही हात लावले. तो उन्हाने एका बाजूने कोमट आणि पाण्याने दुसऱ्या बाजूने गार लागला. काजळाचा एक डोळा पुसून ओघळला होता. म्हातारी पाहत होती, आणि तिला वाटले, ही पाया पडते आहे.

"आई, घे ना," कांचन कुजबुजली. "कडेवर घे. उदय चालेल."

सुहासिनींनी टोपड्याची सुटलेली नाडी हनुवटीशी, म्हणजे जिथे हनुवटी असती तिथे, नीट बांधली. गाठ घट्ट होऊ नये म्हणून आत बोट घालून पाहिले. मग हात काढून घेतले.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"त्याला थंडी वाजेल."

"आजी आहेत ना."

म्हातारीला मराठी कळत नव्हते. तिने तांब्या पालथा करून ठेवला आणि कांचनच्या कपाळाला शेंदराचे बोट लावले. "नाम तो पता नहीं इनका," ती म्हणाली, "बस, देवता।"

"गोप्या," कांचन म्हणाली. "इनका नाम गोप्या है।"

"अच्छा? किसने बताया?"

"मेरी आई को मालूम है।"

म्हातारीने ते दोनदा जिभेवर घोळवून पाहिले. तिघे परत निघाले. निम्म्या वाटेवर उदय चालेनासा झाला आणि त्याला कडेवर घ्यावे लागले.

पुढच्या पगाराला प्रभाकरांनी पाथरवटाकडून नवा वरवंटा आणला. तो चांगला होता, पण जुन्या पाट्याला आठ वर्षांत पडलेला खोलगट भाग जुन्या वरवंट्याच्या घडणीचा होता. नवा त्यात डळमळे. सुहासिनी त्यावर वाटू लागल्या. चटणी जाडसर होई, आणि कोणी काही म्हणत नसे.

कमलताईंचा अंदाज चुकला. बरखेड्याला गेलेल्या बायकांपैकी सुहासिनी एकट्याच पिपलानीला सारख्या येत राहिल्या. हळदीकुंकू, लोणच्याचा मसाला, एकदा नुसता शिवणाचा नमुना विचारायला. "माझ्यासाठी येतेस असं समजायला एवढी मी खुळी नाही," कमलताई म्हणत आणि चहा टाकत. येताना आणि जाताना सुहासिनी वळणावर थांबत. पाणी घालत नसत, हात जोडत नसत. पहिल्या पावसाळ्यात टोपडे कुजून गेले. कोणीतरी लाल फडक्याचे नवे घातले. पुढच्या वर्षी तेही बदलले. सुशीलाला मुलगी झाली होती. तिला पहिल्यांदा बाहेर काढले ते कडुनिंबापाशी, आणि सुशीलाने आग्रहाने सुहासिनींना त्या दिवशी बोलावून घेतले होते.

दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी त्या अशाच उभ्या असताना मागे सायकल थांबल्याचा आवाज आला. प्रभाकर होते. त्यांचा रस्ता हा नव्हता. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, चपला काढल्या, आणि पत्नीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तू विसरली होतीस," त्यांनी विचारले, "की ठेवून आलीस?"

सुहासिनी फडक्याच्या नाडीकडे पाहत होत्या. ती कोणीतरी फार आवळून बांधली होती. त्यांनी पुढे होऊन ती सैल केली.

"चला," त्या म्हणाल्या, "मुलं एकटी आहेत."

प्रभाकर मोहरील १९८५ साली निवृत्त झाले आणि बरखेड्याचे क्वार्टर सोडून कुटुंब साकेत नगरात राहायला गेले. पिपलानीच्या वळणावरल्या कडुनिंबाभोवती १९८६ साली सिमेंटचा चौथरा बांधण्यात आला. त्यावर बसवलेल्या फरशीवर 'श्री गोप्या बाबा' अशी अक्षरे आहेत.