आजीचं नाव काय?

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेहरू नगरच्या घरी वांगी चिरत होते. वहिनी म्हणाली, "चहा टाक म्हणून पडले ते उठलेच नाहीत..." दादा चहा न घेता गेला म्हणजे खरंच गेला, असं मनात आलं आणि रडता रडता मला हसू फुटलं. महिना होऊन गेला, अजून तसंच होतं.

रिटायर झाल्यावर लोक देशभर फिरतात, आमचा दादा कब्रस्तानं हिंडायला लागला. आजोबा नागपूरकडून रेल्वेचे गँगमन म्हणून इकडे हिंदी मुलखात, या लाइनीवर आले होते. आजी इथल्याच कुठल्याशा खेड्यात वारली, तेव्हा बाबा जेमतेम बोलायला लागले होते. आजोबांनी पुढे कधी तो विषय काढला नाही, त्यामुळे आईची कबर कुठे, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि जाताना ती रुखरुख ते दादाच्या गळ्यात घालून गेले. पंचाईत अशी की आजीचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की बाबा म्हणायचे, "आई. आईले अजून काय नाव राहते?"

त्यामुळे रविवारची उपासना आटोपली की दादा मला स्कूटरवर बसवून खेड्यापाड्यांतली जुनी चर्चं पालथी घालायचा. दगडावरचं शेवाळ ओल्या फडक्याने पुसायचा, नाव वाचायचा आणि त्या अनोळखी माणसाला "सलाम, येतो बरं का" म्हणून पुढे सरकायचा.

"नावाशिवाय कबर सापडते का? कावून मले उन्हात हिंडवून राहिला?" मी करवादायचे.

"तुले घरी कोणती कलेक्टरकी करायची आहे?"

अशाच एका गावात चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंनी कोपऱ्यातली एक कबर दाखवली. वर झेंडूची ताजी फुलं होती. "ये आने वाली की कब्र है. जिसका आदमी बाहर कमाने गया हो, वो यहाँ फूल चढ़ाती है. लौट आता है." दगडावर एकच शब्द होता. बाईंनी बोट ठेवून तो हिंदीतला, 'आली' अशा अर्थाने वाचला, "देखो, लिखा भी है... आई."

दादा कबरीशेजारी बसून ओल्या फडक्याने तो शब्द पुसू लागला. एवढंसं पोर जी हाक मारत असेल, तीच आजोबांनी कोरून घेतली होती.

"ये हमारी दादी है," तो बाईंना म्हणाला. "मराठी में आई मतलब माँ."

बाई पदराआड हसून इथल्या बोलीत म्हणाल्या, "हमन तो दाई कहिथन!" मग काळजीने विचारलं, "तो अब फूल बंद करा दें?"

"नहीं, नहीं! चढ़ाने दो. हम भी तो आ गए ना!"

परवा दादाच्या दगडावर काय कोरायचं ते ठरवायला सगळे बसलो. भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, पूर्ण नाव, हुद्दा असं बरंच सांगत होता. मी म्हटलं, सगळ्यात वर मोठ्या अक्षरात नुसतं 'दादा' लिहा. भाच्याची मुलगी घरातही हिंदीच बोलते, तिच्या लेखी दादा म्हणजे आजोबा. ती येऊन माझ्या गळ्यात पडली, "हाँ, यही लिखो. मेरे ही तो दादा हैं!"

मी डोळे पुसले आणि तिला म्हटलं, "तुहा मागून झाला, पोरी. पहिले माहा होता."