अडुळशाकडे टाकलेला शब्द

टोकावड्याच्या ढाब्यावर मी भाकऱ्या थापतो. शाळा लहानपणीच सुटली, घर पार परभणीला. खोकला हटेना, तेव्हा मालक म्हणाला, "गिऱ्हाइकं पळतात. आता घरीच जा." मी हादरलो.

रस्त्याकडेला औषधी पाला विकणाऱ्या आजीनं आधी गाव विचारलं, मग अडुळशापाशी नेलं. तोडण्याआधी मुळाशी तांदूळ ठेवून ती झुडपाला म्हणाली, "परभनीवरनं आलाय रे पोरगा, हितं त्याचा कोन नाय. सांभाल त्याला."

इथं माझ्यासाठी असा शब्द कुणी टाकला नव्हता.

काढ्यानं खोकला थांबला, काम टिकलं. गरम भाकरी घेऊन मी धावलो. "आजी, बरा झालो!"

"मना काय सांगतस? त्याला सांग!"

मग अडुळशासमोर उभा राहून मी ओरडलो, "बरा झालो रे!" येष्टीतली माणसं बघत राहिली. आजी पोट धरून हसत होती.