लाखोरीखालचं गाव

एसटीत खिडकीची जागा मिळाली की पटलेबाई शेतांकडे पाहत बसायच्या आणि पुष्कळदा उतरायचंच विसरायच्या. गोंदियाच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. "पीक सांगून राहते, आपनच आयकत नाही," असं त्यांचं म्हणणं. खुशीत आल्या की त्या घरच्या बोलीवर यायच्या.

आमच्याकडे उठून गेलेल्या गावाला रिठी म्हणतात. धान निघालं की त्याच ओलीवर लाखोरीचं कडधान्य येतं. खाली जुन्या भिंतीचा पाया असेल तर तिथली ओल आधी सरते, लाखोरी लवकर पिवळी पडते. बांधावरून ते कळत नाही, वरून दिसतं. त्यासाठी बाईंनी ड्रोन घेतला. रिठ्या शोधण्यात त्यांच्या कितीतरी सुट्ट्या गेल्या, हाती फारसं लागलं नाही.

एका फेब्रुवारीत आम्ही देवरीकडच्या एका शेतावर गेलो. धुकं विरत होतं. पडद्यावर हिरव्यात पिवळ्या रेघा उमटत गेल्या. घरांचे चौकोन, मधून वळत गेलेली गल्ली, टोकाला बुजलेल्या विहिरीचा गर्द हिरवा ठिपका. मला वाटलं, खाली चुली पेटल्यात आणि हे धुकं त्यांचंच आहे.

शेताची मालकीण, म्हातारी फुलवंता मडावी, जवळ आली. तिची आजी सांगायची, आपली माणसं इथली. चित्रावरून तिनं हळूच बोट फिरवलं.

"कोनाले सांगू नोको बाई. लोकं सोन्यासाठी खोदतीन. आमची मानसं इथंच निजली हायेत."

त्या वर्षी नागपूरच्या परिषदेत बाई निबंध वाचणार होत्या. इतकं स्पष्ट गाव त्यांना पहिल्यांदाच सापडलं होतं. त्यांनी निबंध मागे घेतला, चित्रंही पुसली. मी चिडून कारण विचारलं.

"एकदा उठलेलं गाव आता कुठं निजलं हाये," त्या म्हणाल्या. "त्याले पुन्हा कायले उठवाचं?"

पुढे दर हिवाळ्यात त्या फुलवंताकडे जायच्या, ड्रोन न घेता. दोघी बांधावर बसून राहायच्या.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. तेरवीला फुलवंता बसनं एकटीच आली आणि दाराशी बसली. बाईंची मुलगी तिला ओळखत नव्हती. आई तुमची कोण, असं तिनं विचारलं.

"आमच्या गावची होती."

"कोणतं गाव?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं.

"देवरीकडचं," मी म्हणाले, आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.