टेप संपली तिथे

जुन्या कॅसेटला अजून डांबरगोळ्यांचा वास आहे. माझा मित्र दिवाकर कॅसेटी आईच्या साड्यांच्या पेटीत ठेवायचा. त्या वासासरशी मी कामठीत, त्याच्या खोलीत पोचलो.

बाहेर यंत्रमागांची खटखट चालली होती. टेपवर आमचा लाडका अमेरिकन गायक, बंद पडलेल्या गिरण्यांची गाणी घोगऱ्या आवाजात गाणारा. हा अल्बम नागपुरात कुठेच मिळेना. शेवटी तिथल्या सदर बाजारातल्या एका दुकानदाराने स्वतःच्या रेकॉर्डवरून कॅसेट भरून दिली होती. आम्ही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटचं गाणं ऐन रंगात आलं आणि खटकन बटण वर आलं. टेप संपली होती.

मी चिडलो. दिवाकर म्हणाला, "काहून चिडून राहिला गा? पुढचं मी म्हणतो ना!" आणि टेबलावर ठेका धरून, कसल्यातरी इंग्रजीत, त्याने गाणं पुरं केलं. पुढेही दर वेळी तोच ते पुरं करायचा.

दिवाकर आता नाही. आज फोनवर ते गाणं सहज सापडलं. टेप संपायची त्या जागेवरून गायक पुढे गातच राहिला. छान गात होता. मी गाणं पुन्हा लावलं, बरोबर त्या जागी थांबवलं आणि वाट पाहत बसलो.