अळणी आमटी

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. त्यामुळे काल काकूंच्या कटाच्या आमटीत मीठ पडायचं राहिलं, ते त्यांना कळलंच नाही. आम्ही दहा जण पंगतीला होतो. "आमटी कशी झालीय?" त्यांनी विचारलं. सगळे म्हणाले, "छान!" मीही म्हणालो.

सगळ्यांचं झाल्यावर काकू एकट्या जेवायला बसल्या. आमटी-भाताच्या पहिल्याच घासाला त्या थांबल्या. आमच्याकडे न बघता उठल्या आणि मीठ घेऊन आल्या.

याला आपण संस्कार म्हणतो! मी म्हणतो, हा निव्वळ भित्रेपणा आहे. सकाळपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला चिमूटभर मिठाचं खरं सांगायला दहा तोंडांतलं एकही उघडू नये? यापुढे मी पहिल्या घासालाच सांगणार. म्हणा मला उद्धट, खुशाल डोळे वटारा.

पुरणपोळी मात्र काल खरोखरच फर्मास झाली होती. मी चार खाल्ल्या. निघताना काकूंना तसं अगदी मनापासून सांगितलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "हो का? आमटीसारखीच ना?"